‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘मूल सुरक्षित आहे’ असं नव्हे

सिनॉप्सिस लिहायला बसलं की लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.’ आणि लगेच पुढची ओळ येते: ‘म्हणजे नवी पद्धत जुन्याइतकीच सुरक्षित आहे.’ या दोन ओळींच्या मध्ये एक मोठी उडी आहे. पेपर कितीही नामांकित जर्नलमधला असो, ती उडी कुणी मारली आणि कशाच्या जोरावर मारली, हे बघायची सवय लावून घ्या. आजची पोस्ट त्यासाठी.

उदाहरण मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं घेतलंय. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, समाजकार्य हा माझा विषय नाही. पण ‘आउटकम कसा निवडावा’ हे शिकायला अमेरिकेतल्या बालसंरक्षण यंत्रणेवरच्या वादाइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. इथे आउटकम चुकला तर किंमत लहान मुलं मोजतात.

आधी पार्श्वभूमी. आपल्याकडे संकटातल्या मुलासाठी १०९८ वर फोन करता येतो, तशा अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या हॉटलाइन आहेत. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानंतर शिक्षक, डॉक्टर वगैरे मंडळींना संशय आला तरी कळवणं बंधनकारक झालं, आणि तक्रारींचा ओघ वाढतच गेला. अलीकडच्या काळात वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास तक्रारी येतात. जुनी पद्धत सरळ होती: तक्रार स्वीकारली की तपास. केसवर्कर घरी जाणार, चौकशी करणार, शेवटी आरोप ‘सिद्ध’ किंवा ‘असिद्ध’ असा शेरा मारणार. दोषी ठरलेल्या पालकाचं नाव राज्याच्या नोंदवहीत जाणार.

या पद्धतीवर राग असण्याची कारणं खरी आहेत, ती आधी मान्य करू. ज्यांना पीडित मानलं गेलं त्यांतली बहुसंख्य मुलं मारहाणीची नसून दुर्लक्षाची असतात. आणि दुर्लक्ष कुठे संपतं, गरिबी कुठे सुरू होते, हे घराच्या दारात उभं राहून ठरवणं कठीण. ह्युनिल किम आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा एक पेपर आहे, ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मधला. त्यांच्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या ३७ टक्क्यांहून जास्त मुलांच्या घरी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत, एकदा तरी असा तपास होतो. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के. निम्म्याहून अधिक! म्हणजे ही यंत्रणा अपवाद म्हणून दार ठोठावत नाही, काही वस्त्यांमध्ये ती रोजच्या जगण्याचा भाग आहे.

म्हणून पर्याय निघाला, ‘डिफरन्शियल रिस्पॉन्स’. मी याला पर्यायी मार्ग म्हणेन. तक्रार आली की तिची वर्गवारी करायची. गंभीर असेल तर तपास, आणि धोका कमी किंवा मध्यम वाटला तर पर्यायी मार्ग. या दुसऱ्या मार्गावर आरोप सिद्ध-असिद्ध ठरवायचा नाही, कुणाला दोषी म्हणायचं नाही, नोंदवहीत नाव घालायचं नाही. कुटुंबाशी बोलायचं, काय अडचण आहे विचारायचं, मदत देऊ करायची. मदत घ्यायची की नाही हे बहुतेक ठिकाणी कुटुंबाच्या मर्जीवर. मध्येच काही भयंकर दिसलं तर केस परत तपासाकडे वळवता येते. फ्लोरिडा आणि मिसुरी या राज्यांनी नव्वदच्या दशकात सुरुवात केली, मग मिनेसोटा, ओहायो असं करत अनेक राज्यांत ही कल्पना पोहोचली. ऐकायला छान आहे, आणि हेतूही चांगला आहे. प्रश्न एवढाच, की मुलं तितकीच सुरक्षित राहतात का?

मिनेसोटाचं मूल्यमापन या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होतं. सेंट लुइसच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड रिसर्च’च्या टोनी लोमन आणि गॅरी सीगल यांनी ते केलं. २००१ पासून सुरुवात, पहिला मुख्य अहवाल २००४ मध्ये, पुढचा पाठपुरावा २००६ मध्ये. पात्र कुटुंबांना चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिकपणे दोन गटांत वाटलं होतं, म्हणजे खरा आरसीटी. समाजकार्यात असं वाटप मिळवणं सोपं नाही, त्याबद्दल या मंडळींना मान द्यायलाच हवा. निष्कर्ष असा, की पर्यायी मार्गावरच्या कुटुंबांविरुद्ध पुन्हा तक्रार होण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, कुटुंबं समाधानी होती, केसवर्करही खूश होते. हा अहवाल हातात घेऊन अनेक राज्यांनी धोरण आखलं.

आता इथे थांबा आणि पेन हातात घ्या.

मुख्य आउटकम काय आहे? ‘पुन्हा तक्रार’. मूल सुरक्षित आहे की नाही हे थेट मोजलेलं नाही. त्या घराबद्दल कुणी पुन्हा फोन केला का, हे मोजलंय. फोन व्हायला तीन गोष्टी लागतात: काहीतरी घडलं पाहिजे, कुणाला तरी ते दिसलं पाहिजे, आणि दिसणाऱ्याला फोन करावासा वाटला पाहिजे. पर्यायी मार्ग या तिन्हींवर परिणाम करू शकतो. केसवर्कर घरी जास्त वेळा गेला, सोबत इतर सेवा आल्या, तर घराकडे बघणारे डोळे वाढतात, आणि मूल आहे तितकंच सुरक्षित असूनही तक्रारी वाढू शकतात. उलट, शेजाऱ्याने एकदा फोन केला, ‘काहीच कारवाई झाली नाही’ असं त्याला दिसलं, तर तो पुढच्या वेळी फोन करणार नाही. तक्रारी घटतील, मूल मात्र आहे तिथेच. आपल्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर उपचारानेच मोजपट्टी बदलली. थर्मामीटरवर परिणाम करणारं औषध द्यायचं आणि मग त्याच थर्मामीटरने ताप मोजायचा, असा प्रकार.

आणि पुन्हा तक्रार नको म्हणून ‘सिद्ध झालेला आरोप’ घ्यावा, तर तीही वाट बंद. कारण पर्यायी मार्गावर सिद्ध-असिद्ध ठरवतच नाहीत! नंतरची तक्रारही त्याच मार्गावर गेली तर तिथेही शेरा नाही. म्हणजे एका गटात आउटकम मोजता येतो आणि दुसऱ्या गटात तो व्याख्येनेच शून्याकडे झुकतो. एखाद्या जिल्ह्यात पर्यायी मार्ग सुरू झाल्यावर ‘सिद्ध अत्याचारांचं प्रमाण घटलं’ अशी बातमी आली, तर टाळ्या वाजवण्याआधी मोजणंच थांबलंय का ते बघा.

इलिनॉयची गोष्ट याच्या बरोबर उलट, म्हणून जास्त शिकवणारी. २००८ मध्ये केंद्र सरकारच्या चिल्ड्रन्स ब्यूरोने पर्यायी मार्गाच्या अभ्यासासाठी एका राष्ट्रीय केंद्राला निधी दिला आणि कोलोरॅडो, इलिनॉय, ओहायो इथे यादृच्छिक वाटपाचे अभ्यास झाले. कोलोरॅडो आणि ओहायोत पुन्हा तक्रारीच्या बाबतीत मोठा फरक दिसला नाही. इलिनॉयमध्ये मात्र पर्यायी मार्गावरच्या कुटुंबांविरुद्ध पुन्हा तक्रारी जास्त झाल्या. टीकाकारांनी म्हटलं, बघा, धोकादायक आहे. समर्थकांनी म्हटलं, केसवर्कर कुटुंबाच्या जास्त संपर्कात होते, त्यामुळे लक्षात जास्त आलं. मला विचाराल तर, समर्थकांचं स्पष्टीकरण शक्यतेच्या कोटीतलं आहे. पण मग तेच स्पष्टीकरण मिनेसोटालाही लावा ना! तक्रारी घटल्या की ‘मूल सुरक्षित झालं’ आणि वाढल्या की ‘लक्ष वाढलं’, असं दोन्हीकडून खेळता येत नाही. जो आउटकम वर गेला तरी चांगला आणि खाली गेला तरी चांगला, त्याने तुमची परिकल्पना कधीच खोटी ठरू शकत नाही. हे वाक्य वायव्हाला उपयोगी पडेल, लिहून ठेवा.

यात पैशाचा मुद्दाही आहे. मिनेसोटाच्या प्रकल्पाला मॅकनाइट फाउंडेशनची मदत होती, आणि त्यामुळे पर्यायी मार्गावरच्या कुटुंबांवर जास्त खर्च करता आला. भाडं थकलंय, घरात अन्न नाही, अशा ठिकाणी प्रत्यक्ष मदत पोहोचली. आता सांगा, जो थोडा फरक दिसला तो ‘दोष न देण्याच्या’ पद्धतीमुळे की पैशामुळे? यादृच्छिक वाटपाने दोन गटांमधली कुटुंबं सारखी होतात, हे आपण घोकलेलं असतं. पण उपचाराच्या पुडक्यात दोन औषधं बांधली असतील तर कोणतं लागू पडलं हे यादृच्छिक वाटप सांगत नाही. जुन्या तपासाच्या मार्गावरच्या कुटुंबांनाही तेवढेच पैसे दिले असते तर? तो तिसरा गट नव्हता. आणि पुढे पैसा आटल्यावर राज्याकडे उरते ती फक्त दोष न देण्याची पद्धत, जी एकटी कधी तपासलीच नव्हती.

ही टीका माझी एकटीची नाही. रोनाल्ड ह्यूज, ज्युडिथ रायकस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘रिसर्च ऑन सोशल वर्क प्रॅक्टिस’मध्ये मोठा लेख लिहिला, आणि त्याच नियतकालिकाने इतरांची उत्तरंही छापली. तो सगळा वाद एकत्र वाचा, एका बाजूचा पेपर वाचून थांबू नका. ह्यूज आणि रायकस यांचे मुख्य आक्षेप असे: ‘डिफरन्शियल रिस्पॉन्स’ नावाची एक ठरलेली गोष्टच नाही, प्रत्येक राज्यात वेगळं काहीतरी चालतं, संशोधनाची पद्धत कमकुवत, पर्याय चांगला दिसावा म्हणून जुन्या तपासाचं चित्र मुद्दाम खलनायकासारखं रंगवलं, आणि मुलाच्या सुरक्षेपेक्षा पालकांच्या समाधानाला वजन दिलं. २०१५ मध्ये हार्वर्डच्या एलिझाबेथ बार्थोलेट यांनी कायद्याच्या अंगाने आणखी कडक लेख लिहिला. शीर्षकातच याला ‘धोकादायक प्रयोग’ म्हटलंय.

पालकांच्या समाधानाचा आक्षेप मला पूर्ण पटतो. तपासाऐवजी गोड बोलणारा माणूस घरी आला तर पालक समाधानी होणारच, त्यासाठी अभ्यासाची गरज नाही. मुलाला कुणी विचारलं का? पर्यायी मार्गावर अनेक ठिकाणी आधी फोन करून, वेळ ठरवून घरी जायची पद्धत होती, आणि मुलाशी पालकांच्या समोरच बोललं जायचं. ज्या माणसाची भीती वाटते तो शेजारी बसलेला असताना पाच वर्षांचं पोर काय बोलणार? सुरक्षेचं मूल्यमापन या बोलण्यावर अवलंबून असतं, आणि तेच मूल्यमापन पुढे संशोधकाचा डेटा होतं.

पण ‘धोकादायक’ हा शब्द मला जड वाटतो. ‘सुरक्षित आहे हे सिद्ध झालेलं नाही’ आणि ‘असुरक्षित आहे हे सिद्ध झालंय’ ही दोन वेगळी विधानं आहेत. बार्थोलेट पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकतात. म्हणजे समर्थकांची उडी उजवीकडे, यांची डावीकडे. शिवाय जो जुना तपास तुलनेसाठी उभा केलाय, तो तरी सुरक्षित असल्याचं कुठल्या आरसीटीत सिद्ध झालंय? जुना आहे म्हणून त्याला सूट मिळते. आणि हितसंबंधांचं म्हणाल तर समर्थकांचे मूल्यमापक राज्यांच्या कंत्राटावर काम करत होते हे खरं, पण ह्यूज आणि रायकस हेही बालसंरक्षण कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था चालवणारे. कुणाच्या लेखावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पेपरच्या शेवटी निधीचा उल्लेख असतो तो परिच्छेद वाचा, एवढंच.

आता आकडेमोड, कारण खरा मुद्दा इथे आहे. समजा आपण ठरवलं, पुन्हा तक्रार वगैरे सोडा, ज्याची खरी भीती आहे तेच मोजू: अत्याचाराने होणारे मृत्यू. अमेरिकेत हे प्रमाण दर वर्षी एक लाख मुलांमागे साधारण दोन ते तीन आहे. तक्रार झालेल्या घरांत ते जास्त असणार, म्हणून केवळ गणितासाठी लाखाला पाच धरू. पर्यायी मार्गामुळे ते दुप्पट, म्हणजे लाखाला दहा झालं, तर ते पकडायला नमुना किती हवा? नेहमीचं सूत्र: ५ टक्के सार्थकता पातळी, ८० टक्के पॉवर, म्हणजे १.९६ अधिक ०.८४ चा वर्ग, साधारण ७.८४. त्याला दोन्ही प्रमाणांच्या बेरजेने गुणा, फरकाच्या वर्गाने भागा. कागदावर करून बघा, प्रत्येक गटात ४ लाख ७० हजार मुलं येतात. प्रत्यक्षातल्या अभ्यासांत कुटुंबं होती काही हजार.

दुसऱ्या बाजूने बघा. तीन हजार मुलांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि एकही मृत्यू झाला नाही. छान. पण तीनच्या नियमाने, म्हणजे शून्य घटना असताना ९५ टक्के विश्वास अंतरालाची वरची मर्यादा ३ भागिले एन, ही मर्यादा हजाराला एक निघते. लाखाला शंभर! आपण गृहीत धरलेल्या प्रमाणाच्या वीसपट धोका असता तरी तो या अभ्यासातून सहज निसटू शकला असता. ‘अभ्यासकाळात एकही गंभीर घटना नाही’ हे वाक्य अहवालात किती भारदस्त दिसतं, आणि आत किती पोकळ असू शकतं, ते असं कळतं.

मिनेसोटात पुढे काय झालं ते सांगते. २००५ च्या सुमारास कायद्यानेच पर्यायी मार्गाला पसंती दिली, आणि हळूहळू स्वीकारलेल्या तक्रारींपैकी जवळपास ७० टक्के त्याच मार्गावर जाऊ लागल्या. आता विचार करा: चाचणी झाली ती निवडक, कमी धोक्याच्या कुटुंबांवर आणि जास्तीच्या पैशासह. वापर झाला सरसकट. औषधाची चाचणी सौम्य रुग्णांवर घ्यायची आणि मग आयसीयूतही तेच द्यायचं, यात आणि त्यात फरक तो काय? २०१३ मध्ये तिथल्या एका ग्रामीण काउंटीत चार वर्षांच्या मुलाचा सावत्र आईच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्याच्याबद्दल डझनाहून जास्त तक्रारी आलेल्या होत्या. २०१४ मध्ये वृत्तपत्राने हे प्रकरण लावून धरलं, गव्हर्नर मार्क डेटन यांनी कृतिदल नेमलं, आणि मार्च २०१५ च्या अहवालानंतर कायदा बदलला. पर्यायी मार्गाची पसंती काढली, मुलाची सुरक्षा सर्वांत वर ठेवली. आणि संशोधकांनी नीट लक्ष द्यावं अशी एक गोष्ट: आधी फेटाळलेल्या तक्रारी नव्या तक्रारीचा निर्णय घेताना बघू नयेत, असा त्याआधीच्याच वर्षी केलेला नियमही रद्द झाला. आधीचे डेटा पॉइंट बघायचे नाहीत असा चक्क कायदा होता!

या एका मृत्यूवरून पद्धत वाईट ठरते का? नाही. एक प्रकरण म्हणजे एन बरोबर एक. तपासाच्या मार्गावरही मुलं दगावतात. पण त्या प्रकरणाने जे दाखवलं ते मूल्यमापनाच्या चौकटीत मावतच नव्हतं: एकेक तक्रार सुटी बघितली तर ‘कमी धोक्याची’ दिसते, आणि ओळीने मांडल्या तर चढता आलेख दिसतो. ‘पुन्हा तक्रार झाली, हो किंवा नाही’ अशा द्विमान चलात तो आलेख चपटा होतो.

मग करायचं काय, आउटकम कुठून आणायचा? यंत्रणेच्या बाहेरून. एमिली पटनम-हॉर्नस्टीन यांचा २०११ चा अभ्यास बघा. कॅलिफोर्नियात १९९९ ते २००६ मध्ये जन्मलेल्या ४३ लाख मुलांच्या जन्मनोंदी, बालसंरक्षणाच्या नोंदी आणि मृत्युनोंदी त्यांनी एकमेकींशी जोडल्या. ज्यांच्याबद्दल आधी कधीतरी तक्रार झाली होती, त्या मुलांचा पाच वर्षांच्या आत हेतुपुरस्सर केलेल्या इजेने मृत्यू होण्याचा दर इतरांच्या जवळपास सहापट निघाला. हा अभ्यास दोन मार्गांची तुलना करत नाही, त्यामुळे वादाचा निकाल त्यातून लागत नाही. पण मृत्यूची नोंद केसवर्करच्या सौजन्यावर अवलंबून नसते, आणि नमुना लाखांत आहे. हीच जोडणी मार्गानुसार केली, त्यात रुग्णालयातल्या हाडमोडीच्या नोंदीही घेतल्या, तर निदान प्रश्न योग्य आउटकमवर विचारला जाईल.

राहिला शेवटचा भाग, आणि तो सगळ्यात अवघड आहे. ‘नवी पद्धत जुन्याइतकीच सुरक्षित’ असं म्हणायचं असेल तर शून्य परिकल्पना उलटी मांडावी लागते. औषधांच्या चाचण्यांत याला नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणतात. आधीच एक मार्जिन जाहीर करायचा: नवं औषध जुन्यापेक्षा इतपत वाईट निघालं तरी आम्ही ते स्वीकारू, त्याहून जास्त नाही. मग विश्वास अंतराल त्या मार्जिनच्या आत येतो का बघायचं. तुम्ही असा अभ्यास आखायला बसलात, तर पर्यायी मार्गाच्या बाजूला लाखो कुटुंबांचा टळलेला अपमान आणि वाचलेली भीती मांडावी लागेल. आणि दुसऱ्या बाजूला, प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर, सही करून, एक आकडा: लाखामागे किती जास्त मुलं जखमी झाली तरी चालेल. मिनेसोटापासून इलिनॉयपर्यंतच्या मूल्यमापनांत असा आकडा कुणी आधी लिहिलेला नाही.